शाळेत औषध आहे, पण वेळेला मुलापर्यंत पोचतं का?

साखरपेरणी :
लेक आठ वर्षांची, तिसरीत. टाइप १ मधुमेह. शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यामुळे ते बाहेरून द्यावं लागतं. गोड खाऊन झालेला नाही, वजनाशी संबंध नाही आणि 'मोठी झाली की जाईल' असंही नाही. (हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील.)

घरचं गाडं आता रुळावर आहे. प्रश्न शाळेचा आहे. शाळा वाईट नाही, मुख्याध्यापिकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पण शेवटी ठरलं ते असं: ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर, ग्लुकागॉनचं (साखर फार उतरली तर ती वर आणणारं) इंजेक्शन सगळं एका डब्यात. डबा ऑफिसच्या कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली क्लार्ककडे. लेकीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे, त्याचा अलार्म ज्या फोनवर वाजतो तो फोनही ऑफिसात, कारण वर्गात फोनला बंदी. "तिला त्रास व्हायला लागला की खाली पाठवू," असं वर्गशिक्षिका म्हणाल्या.

मला भांडायचं नाहीये. दिवसाचे सहा-सात तास मूल त्यांच्या ताब्यात असतं, संबंध बिघडवून कसं चालेल? पण ही व्यवस्था कागदावरच ठीक आहे हे त्यांना कसं पटवू? दमा, फिट, अ‍ॅलर्जी, काहीही असलेल्या मुलांच्या पालकांनी आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनी सांगा, तुमच्याकडे काय करतात?

तिरकस :
स्पष्ट लिहितो, राग नसावा. एका शिक्षिकेच्या हाताखाली चाळीस-पन्नास मुलं. त्यांनी शिकवायचं, वह्या तपासायच्या, मारामाऱ्या सोडवायच्या आणि वर इंजेक्शनंही द्यायची? शाळा म्हणजे दवाखाना नाही. उद्या काही उलटंसुलटं झालं की बळीचा बकरा कोण? त्या बाईच. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं यात मला तरी काही गैर दिसत नाही.

कडूकाढा :
तिरकस, तुमच्या मुद्द्याकडे येतो, तो रास्त आहे. आधी वैद्यकीय बाजू. मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहितोय ते सर्वसाधारण, प्रत्येक मुलाचा डोस त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच धरायचा.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली उतरली की लगेच उपाय करायचा. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. सुरुवातीला हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते. मग चिडचिड, गोंधळ, अडखळत बोलणं, नजर हरवल्यासारखी होणं. वर्गात हे सगळं आगाऊपणासारखं किंवा लक्ष नसल्यासारखं दिसतं. आता अशा मुलाला 'ऑफिसात जाऊन ये' म्हणणं म्हणजे ज्या मेंदूला इंधन कमी पडलंय त्याच्याच भरवशावर त्याला दोन जिने उतरायला लावणं. साखर उतरलेल्या मुलाला एकटं कुठेही पाठवायचं नाही. जे लागेल ते त्याच्या बाकापर्यंत आलं पाहिजे.

किती द्यायचं? सगळीकडे १५ ग्रॅम ग्लुकोज असं लिहिलेलं असतं, तो मोठ्यांचा हिशेब. मुलांना किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम. म्हणजे २५ किलोच्या मुलीला साडेसात ग्रॅम, छोटे सपाट दोन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची. ग्लुकागॉननंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशी महत्त्वाची.

आणि तो फोन. सेन्सरचं सिग्नल ब्लूटूथवर चालतं. मध्ये भिंती नसतील तर सहा-दहा मीटर. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि फोन तळमजल्यावर, म्हणजे अलार्म वाजणारच नाही. घरातला जुना फोन घ्या, त्यात सेन्सरचं अ‍ॅप सोडून सगळं काढून टाका आणि तो शिक्षिकेच्या टेबलावर राहील असं लेखी मागा. माझ्या चिठ्ठीवर अशी परवानगी मिळालेली मुलं आहेत. एक लक्षात ठेवा, सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. साखर झपाट्याने उतरत असते तेव्हा तो काही मिनिटं मागे असतो. आकडा ठीक दिसतोय पण मूल ठीक दिसत नाहीये, तर बोटाला टोचून बघायचं.

धापाधाप :
डॉक्टर म्हणतात ते दम्यालाही शंभर टक्के लागू. मुलाचा निळा पंप मागच्या शाळेत असाच 'सुरक्षित' होता. नव्या शाळेत तो त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि दुसरा वर्गशिक्षकांकडे.

घरचा तपकिरी पंप, जो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, तो शाळेत न्यायची गरजच नसते. शाळेत फक्त निळा, म्हणजे साल्ब्युटामॉल, आणि स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं). पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा, चार-सहा श्वास. मग पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारले की अर्धं औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटून वाया. मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. (धाप लागलेलं मूल दिसलं की त्याला आधी झोपवायची घाई का होते कोण जाणे.)

आमच्या डॉक्टरांनी पीटीच्या तासाआधी दहा-पंधरा मिनिटं दोन फवारे घ्यायला सांगितलेत. पीटीच्या सरांना वाटायचं, पोरगं पळायचं टाळतंय. आता तेच त्याला आठवण करतात.

रात्रपाळी :
धापाधाप ताई, पंपावरचा आकडाही बघत जा. आकडा शून्यावर आला तरी दाबल्यावर फुस्स होतंच, आत औषध नसतं, नुसता वायू. आणि पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायचं, ही जुनी युक्ती सोडून द्या, त्यावरून काही कळत नाही.

खडूफळा :
शिक्षिका आहे, सव्वीस वर्षं झाली. तिरकसदादांनी आमची बाजू घेतली त्याबद्दल आभार, पण ती अर्धीच घेतली.

आम्हाला इंजेक्शनची भीती नसते. म्हणजे असते, पण ती एकदा हातात घेऊन बघितलं की जाते. आम्हाला भीती नंतरच्या चौकशीची असते. 'तुम्हाला कोणी सांगितलं होतं द्यायला?' या प्रश्नाला दाखवायला कागद हवा. पालक फाटकात, घाईघाईत, एका हाताने मुलाचं दप्तर सावरत सांगून जातात, "बाई, तिला जरा चक्कर येते हं कधीकधी, पर्समध्ये गोळी आहे." कसली चक्कर? कुठली गोळी? किती? दिली आणि थांबली नाही तर पुढे काय? मग वरून आदेश येतो की कोणतंही औषध द्यायचं नाही, सगळं ऑफिसात. कुलूप तिथून येतं. कुलूप लावणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं.

मला उपयोगी पडलेली गोष्ट एकच. एका मुलाच्या आईने त्याच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून आणलं. एकच पान. वर फोटो. खाली तीन चौकटी: हे दिसलं तर हे करा, त्याने थांबलं नाही तर हे करा, आणि या क्षणी कोणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलवा. शेवटी डॉक्टरांची सही, पालकांची सही, मुख्याध्यापकांची सही. मग ती आई एक तास थांबली आणि इंजेक्शनच्या सरावाच्या पेनवर, ज्यात सुई नसते, आम्हा चौघांना शिकवलं. चौघांना, कारण मी रजेवर असेन त्या दिवशी काय? त्या दिवसापासून ते औषध माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि मला रात्री झोप लागत होती.

मोठमोठ्या फायली आणू नका. तपासण्यांचे रिपोर्ट तर मुळीच नकोत, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

दाणेबंदी :
खडूफळा बाई, हे पेन म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं का? माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. आमची शाळा पेन ठेवायला तयार झाली, पण त्यांच्या कागदावर 'आधी अ‍ॅलर्जीची गोळी द्यावी, वीस मिनिटं वाट पाहावी' असं आहे. हे मला खटकतंय.

कडूकाढा :
खटकलंच पाहिजे. अंगावर नुसत्या गांधी उठल्या, ओठांना थोडी खाज, एवढंच असेल तर गोळी ठीक आहे. पण घसा आवळला, आवाज बसला, धाप किंवा घरघर सुरू झाली, मूल पांढरं पडलं, गळून गेलं, तर गोळीचा काही उपयोग नाही. तेव्हा अ‍ॅड्रेनलिन, लगेच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गणवेशावरूनही चालतं. मग झोपवून पाय वर. श्वासाचा त्रास जास्त असेल तर पाय लांब करून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका, बरं वाटतंय म्हणाली तरी. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो.

तिरकस, आता तुमच्याकडे. 'उलटंसुलटं झालं तर?' असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर प्रत्येक औषधाला वेगळं आहे आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. गरज नसताना अ‍ॅड्रेनलिन दिलं तर एरवी धडधाकट मुलाची छाती थोडा वेळ धडधडेल, हात थरथरतील. गरज असताना दिलं नाही तर मूल जाऊ शकतं. ग्लुकागॉन उगाच दिलं तर मळमळ, उलटी, काही काळ वाढलेली साखर. निळ्या पंपाचे दोन फवारे जास्त गेले तर थोडी धडधड. म्हणजे ही औषधं 'न देणं' जास्त महागात पडतं. ती हाताशी हवीत. आग विझवायचं नळकांडं कोणी कुलपात ठेवतं का?

उलट इन्सुलिन बघा. ते चुकून जास्त गेलं तर जिवावर बेतेल. त्यामुळे किती युनिट हा निर्णय शिक्षिकेने घ्यायचाच नाही, तो पालकांनी फोनवर किंवा आधी ठरलेल्या तक्त्याने. चंचलपणासाठीच्या गोळ्या, झोपेच्या अंगाने जाणारी औषधं, तापाची सिरपं, ही सगळी कुलपात आणि मोजून. शाळा दोन्ही प्रकारांना एकच नियम लावते, तिथे घोळ होतो.

तिरकस :
हे वर्गीकरण पटलं. पण मग कायद्याचं काय? डॉक्टर म्हणतात म्हणून शिक्षक मोकळा सुटत नाही.

कडूकाढा :
बरोबर, म्हणून तर ते सह्यांचं पान. काही देशांनी नियमच करून टाकलेत. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळेला स्वतःचा आणीबाणीचा साल्ब्युटामॉल पंप ठेवता येतो आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून अ‍ॅड्रेनलिनचं जादा पेनही, तेही ठरावीक मुलाच्या नावाच्या चिठ्ठीशिवाय. जिथे असा नियम नाही तिथे त्या मुलापुरतं लेखी करून घ्यावं लागतं. वेळखाऊ आहे, पण होतं.

बाकावरचा :
मला लहानपणी फिट यायच्या. दोन प्रकारच्या. एक दिसणारी, हातपाय झटकणारी, जी सगळ्यांना माहीत असते. दुसरी कोणालाच न दिसणारी. पाच-दहा सेकंद नजर एका जागी थिजायची, पापण्या फडफडायच्या आणि मी परत यायचो. मधलं वाक्य गायब. श्रुतलेखनाच्या वहीत तेवढीच जागा रिकामी. बाई म्हणायच्या, "लागली याची ब्रह्मानंदी टाळी!" आणि वर्ग हसायचा. वर्षभर अंगठे धरून उभा राहिलो त्यापायी. शेवटी निदान झालं ते एका बदली शिक्षिकेमुळे. त्यांनी माझी वही बघितली, चुका नव्हत्या, नुसत्या मोकळ्या जागा होत्या. त्यांनीच आईला बोलावून घेतलं. शिक्षक मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवा: तंद्री लागलेलं मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येतं. हे येत नाही.

दिसणारी फिट आली तर काय करायचं ते थोडक्यात. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, रुमाल, बोट काहीही घालू नका. माझा पुढचा दात एका सद्गृहस्थांच्या चमच्यानेच गेला. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचे बाक सरकवा, झटके ओसरले की कुशीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. फिट सुरू झाली की फळ्यावर खडूने वेळ लिहा. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, की डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडॅझोलमचा फवारा आणि रुग्णवाहिका. नंतर मूल गळून झोपतं, त्याला झोपू द्या, प्रश्नांची सरबत्ती नको.

निनावी_४२ :
हे सगळं वाचायला छान आहे हो. माझ्या मुलालाही फिट येतात, शाळेला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आधीच्या शाळेत सांगितलं होतं. दोन महिन्यांत सहलीतून नाव वगळलं, स्नेहसंमेलनाच्या नाचातून काढलं आणि शेवटी "तुम्ही दुसरी शाळा बघितलीत तर बरं" असं गोड बोलून दाखवलं. गोळ्या सुरू आहेत, दीड वर्षात फिट नाही. कशाला विस्तव जवळ करू?

बाकावरचा :
तुमचा राग समजतो, ताई. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी वर्गात सगळे साप म्हणून भुई धोपटणार. कोणी पाणी ओतेल, कोणी तोंड उघडायला बघेल. तो चमचेवाला माणूस माझा वैरी नव्हता, त्याला माहीतच नव्हतं.

खडूफळा :
निनावीताई, जे झालं ते चुकीचंच झालं आणि असं करणाऱ्या शाळा आहेत हे मी नाकारत नाही. पण एक मधला रस्ता बघा. सगळ्या शाळेला सांगायची गरज नसते. वर्गशिक्षिका, पीटीचे शिक्षक आणि मुख्याध्यापक, एवढ्या तिघांना पुरे. शिपायाला, दुसऱ्या पालकांना, वर्गातल्या मुलांना नाही. आणि बोलायला जाताना डॉक्टरांची एक ओळ लिहून न्या: 'खेळ, सहल, नाच यात भाग घेण्यास हरकत नाही. पोहताना आणि उंचावर चढताना मोठ्या माणसाची नजर हवी.' डॉक्टरांनी 'हरकत नाही' असं स्वतः लिहिलं की वगळणाऱ्याला वगळायचं कारण शोधावं लागतं.

निनावी_४२ :
विचार करते. आश्वासन देत नाही.

डबलडोस :
गुप्ततेचा विषय निघालाच आहे तर. मुलगा अकरा वर्षांचा, एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं). मधल्या सुट्टीत मिथाइलफेनिडेटची गोळी असायची, कारण साध्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो. रोज सुट्टीच्या घंटेला कोणीतरी वर्गाच्या दारातून ओरडायचं, "अरे, तुझी डोक्याची गोळी राहिली!" महिनाभरात वर्गात त्याचं नाव 'गोळी' पडलं. त्याने शाळेत जायचंच बंद केलं.

शाळेशी वाद घालत बसलो नाही. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी लांब पल्ल्याची गोळी दिली, जी सकाळी घरी एकदाच घ्यायची. (ती फोडायची, चावायची नाही, अख्खी गिळायची, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.) शाळेतलं औषध शून्य. माझं म्हणणं एवढंच, शाळेत द्यायचं औषध आधी शक्यतो कमीच करून बघा.

रात्रपाळी :
डबलडोस, अगदी मनातलं बोललात. मी निवासी शाळेच्या आरोग्य कक्षात परिचारिका आहे. पालक अँटिबायोटिकची बाटली पाठवतात, वर चिठ्ठी, 'दिवसातून तीनदा'. अहो, दिवसाच्या शाळेत हे शाळेत येण्याआधी, घरी गेल्यावर आणि झोपताना असं तीनदा बसतं की! डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात. शाळेत येणारी निम्मी औषधं तिथेच कमी होतील.

जी उरतात त्यांच्याबद्दल माझे काही हट्ट आहेत. औषध मूळ पाकिटातच यायला हवं. कागदाच्या पुडीत बांधलेली पांढरी गोळी मी कोणालाही देत नाही, मग आईने कितीही ओळख दाखवली तरी. औषध मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, मुलाच्या दप्तरातून नाही (पंप आणि साखरेचं सामान सोडून). देताना मुलाला 'तू आर्या ना?' असं विचारायचं नाही. लाजाळू पोरं कशालाही हो म्हणतात. 'तुझं पूर्ण नाव सांग' म्हणायचं. माझ्याकडे एकाच इयत्तेत दोन आर्या आहेत, एक मुलगी, एक मुलगा, दोघांच्या आडनावाचं पहिलं अक्षरही सारखं. एकीला थायरॉइडची गोळी, दुसऱ्याला फिटची. म्हणून डब्यावर फोटो चिकटवलाय. आणि वहीत लगेच नोंद: तारीख, वेळ, औषध, किती, कोणी दिलं. 'नंतर लिहू' म्हटलं की दुसरं कोणीतरी येऊन दुसरा डोस देतं.

सगळ्यात जास्त घोळ तापाच्या औषधात होतो. पॅरासिटामॉलचं सिरप एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीला २५० मिलिग्रॅम. बाहेरून बाटल्या जुळ्या. चिठ्ठीवर 'एक चमचा'. कुठला चमचा, कुठली बाटली? शिवाय सकाळी आईने ताप दाबून शाळेत पाठवलेलं असतं आणि ते कोणी सांगत नाही. दोन डोसांत किमान चार तास हवेत, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. म्हणून घरी फोन करून शेवटचा डोस कधी दिला हे विचारल्याशिवाय मी बूच उघडत नाही. आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना घरच्या बुद्धीने कधीच नाही, रे सिंड्रोम नावाचा यकृताचा आणि मेंदूचा भयंकर आजार होऊ शकतो.

पाणीपाणी :
प्रत्येक आजाराला औषधच लागतं असं नाही, हेही कोणीतरी लिहा. माझ्या मुलाला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार) आहे. त्याला वर्गात सतत पाणी प्यायची आणि हवं तेव्हा लघवीला जायची मुभा हवी, बस्स. शरीरातलं पाणी कमी झालं, गारठा बसला की कळा सुरू होतात. पण 'तासाला पाणी प्यायचं नाही, तास संपल्यावर जा' हा नियम मोडायला आम्हाला जितकं झगडावं लागलं तितकं औषधासाठीही लागलं नाही.

तिरकस :
बाकी सगळं मान्य, पण मिडॅझोलम शिक्षकाच्या टेबलावर ठेवणं मला नाही पटत. गुंगीचं औषध आहे ते. पाचवी-सहावीची पोरं काहीही उचलतात.

बाकावरचा :
टेबलावर नकोच. माझ्या भाचीच्या शाळेत शिक्षिका एक छोटी कमरेची पिशवी बांधतात, तास बदलला की पिशवी पुढच्या शिक्षकांकडे. मैदानावर गेली तर पिशवी मैदानावर. मुलांच्या हाताला लागत नाही आणि किल्ली शोधावी लागत नाही.

तिरकस :
हे बरं आहे.

साखरपेरणी :
सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा बाईंच्या धर्तीवर एक पान तयार केलंय. डॉक्टरांना दाखवून मग शाळेत नेईन. मजकूर असा:

फोटो, नाव, वर्ग, वजन. 'थरथर, घाम, चिडचिड, गप्प होणं किंवा मीटरवर ७० च्या खाली: जागेवरच ग्लुकोज, खुणेच्या चमच्याने दोन. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. एकटीला कुठेही पाठवू नये. पीटीच्या तासाआधी आकडा बघावा, कारण खेळल्यावर साखर उतरते. शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल किंवा झटके येत असतील: तोंडात काही नको, कुशीवर, ग्लुकागॉन, रुग्णवाहिका, मग आईला फोन. इन्सुलिन ती स्वतः टोचते, किती युनिट ते मी रोज फोनवर सांगेन, शिक्षकांनी फक्त पेनवरचा आकडा बघावा.' डबा वर्गात, शिक्षिकेच्या खणात, कुलूप नाही. दुसरा तसाच डबा ऑफिसात. जबाबदार व्यक्ती वर्गशिक्षिका, त्या नसतील तर शेजारच्या वर्गाच्या बाई. हे पान हजेरीपटात राहील, म्हणजे बदली शिक्षकांच्याही हातात येईल.

काही राहिलंय का?

कडूकाढा :
चांगलं झालंय. 'आधी रुग्णवाहिका, मग आईला फोन' हा क्रम लिहिलात ते उत्तम, शाळा नेहमी उलटं करतात. दोन गोष्टी घाला. उलटी, ताप किंवा साखर खूप वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं) तपासायचे, त्यासाठी लगेच तुम्हाला फोन. आणि खिडकीशेजारचा खण नको. वापरातलं इन्सुलिन पेन साधारण चार आठवडे बाहेर टिकतं, पण ३० अंशांच्या खाली. उन्हात तापलं तर औषध मरतं आणि दिसायला तसंच दिसतं. शाळेच्या फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

धापाधाप :
मुदत कोण बघणार? आमच्याकडे प्रत्येक सत्राच्या पहिल्या दिवशी मी जाऊन सगळ्या तारखा बघते. शाळेवर सोडू नका.

डबलडोस :
परीक्षा! घटक चाचणीला वर्ग बदलतात, दप्तरं बाहेर ठेवतात. फोन, मीटर, ग्लुकोज आत न्यायची परवानगी आधीच लेखी घ्या. आणि साखर उतरली तर गेलेला वेळ पेपरला वाढवून मिळेल, हेही त्यातच लिहून घ्या.

दाणेबंदी :
बस. ड्रायव्हर आणि बसमधल्या ताई कोणाच्याच यादीत नसतात. शाळा सुटल्यावरचा वेळ, दिवसभराचं खेळणं झालेलं, डबा कधीचा संपलेला. तुमच्या लेकीची साखर तिथेच उतरायची शक्यता जास्त.

साखरपेरणी :
बसचं खरंच डोक्यात नव्हतं. बसमधल्या ताईंसाठी वेगळं छोटं कार्ड करते, फक्त पहिली आणि शेवटची चौकट, आणि ग्लुकोजची एक पुडी त्यांच्याकडे. बाई, हजेरीपटात पान ठेवलं तर पालकसभेत कोणालाही दिसेल का?

खडूफळा :
दिसेल, उघडाच असतो तो. बंद पाकिटात घाला, पाकिटावर फक्त लेकीचा हजेरी क्रमांक आणि 'बदली शिक्षकांनी आधी उघडावे' असं लाल शाईत. आणि पान हजेरीपटाच्या अर्ध्या आकाराचं छापा. मोठं पान दुमडून ठेवलं की चार-सहा महिन्यांत घडीवर फाटतं आणि घडीवर नेमका फोन नंबर येतो.